दवाखान्याची खोली

कऱ्हाडजवळच्या मलकापुरात हायवेच्या पलीकडं पत्र्याच्या घरांची दाट वस्ती आहे. तिथं नगरपरिषदेचा एक बंद पडलेला दवाखाना होता. दोन खोल्या आणि पुढं ओटा. वस्तीतल्या पोरापोरींना बसायला दुसरी जागाच नव्हती. एका खोलीत सहा माणसं, त्यातच टीव्ही, त्यातच भांडणं. ‘आशा’ आरोग्यसेविका म्हणून दारोदार फिरणारी दीपमाला हे रोज बघायची. दवाखान्यात अभ्यासिका काढायची आणि शेजारच्या खोलीत कॅरम मांडायचा, या ध्यासानं तिनं सहा महिने अर्ज केले. शेवटी एका सोमवारी किल्ली तिच्या हातात पडली.

मंगळवारी सकाळी ती झाडू घेऊन गेली, तर दाराला दुसरंच कुलूप. ओट्यावर जयराज बसलेला. तो नशेच्या गोळ्या विकायचा, आणि माल त्याच खोलीत ठेवायचा. सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणीच नव्हतं.

तिला बघून तो अदबीनं उठला.

“वैनी, कशाला तरास घेताय? मानसिंगभाऊ तिकडं बॉर्डरवर. घरात तुमी दोघी मायलेकीच.” मग जरासा हसला. “सृष्टी अकरावीला हाय न्हवं? साडेपाचच्या एसटीनं येती.”

आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. पण दीपमालाला त्यातली धमकी कळली. ती तशीच माघारी फिरली. घरात येऊन तिनं आतून कडी लावली. दुपारी नवऱ्याचा, मानसिंगचा फोन आला. “खोलीचं काय झालं गं?” त्यानं विचारलं. “चाललंय,” ती म्हणाली आणि फोन ठेवून रडली.

बुधवारी सकाळी तिनं लेकीला सांगितलं, “मी किल्ली परत देऊन टाकणार. आपल्याला न्हाई झेपायचं.” सृष्टी दप्तर उचलून कऱ्हाडला कॉलेजला गेली.

दुपारी दीपमाला नगरपरिषदेत गेली, पण ज्यांच्याकडं किल्ली द्यायची ते साहेब रजेवर. पाच वाजताच ती एसटीच्या थांब्यावर येऊन उभी राहिली. साडेपाचची गाडी आली. सृष्टी उतरली नाही. फोन लावला तर बंद. पुढची गाडी आली, तिच्यातही सृष्टी नव्हती. दीपमालानं कंडक्टरला विचारलं, पानपट्टीवाल्याला विचारलं. मग तिला काही सुचेना. चप्पल तुटली ती रस्त्यातच टाकून ती दवाखान्याकडं पळत सुटली.

दवाखान्याचं दार सताड उघडं होतं. कुलूप दगडानं फोडून ओट्यावर टाकलेलं. आत पाण्याचा आवाज. सृष्टी आणि वस्तीतल्या आठ-नऊ पोरी फरशी घासत होत्या. जयराजचा माल एका कोपऱ्यात सरकवलेला.

दीपमालानं लेकीला आधी एक ठेवून दिली, मग घट्ट पोटाशी धरलं.

“आई, आमी आदल्या गाडीनं आलो,” सृष्टी रडत म्हणाली. “माझ्या फोनचं चार्जिंग संपलं. तू किल्ली दिलीस तर आमी कुठं बसायचं?”

एवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. जयराज. पोरी भिंतीकडं सरकल्या. दीपमालाचे पाय लटपटत होते, उभं राहवेना, म्हणून ती दाराच्या उंबऱ्यावरच बसली. ती नुसती बसून राहिली.

समोरच्या घरातनं साळूबाई बाहेर आली. लसूण सोलता सोलता उठलेली, पदरात पाकळ्या तशाच. ती आवाज न करता दीपमालाच्या शेजारी टेकली. मग दोघी-तिघी आणखी आल्या. जयराजनं एकेकीकडं बघितलं. मग “बघतो” एवढंच बोलून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दीपमालासह वस्तीतल्या अकरा बायका पोलीस ठाण्यात गेल्या. तक्रारीवर पहिली सही दीपमालानं केली. पोलिसांनी येऊन माल नेला. जयराज काही दिवस दिसला नाही. नंतर तो पुलाखाली बसायला लागला. एकदा खिडकीवर दगड आला, काच फुटली. दोन पोरींचं येणं घरच्यांनी बंद केलं.

आज तिथं वीस-बावीस जण येतात. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं सकाळी, शाळकरी पोरी संध्याकाळी. बायका आळीपाळीनं ओट्यावर बसतात. दीपमालाची भीती काही गेलेली नाही. मोटारसायकलचा आवाज आला की अजून ती आत डोकावून पोरी मोजते, आणि पुन्हा ओट्यावर येऊन बसते.