नूलाच्या भिंतीवरची मर्सी

कागद टेबलावरून गायब झाला तेव्हा माझा पहिला संशय सीगलवर गेला. डून लेरी या आमच्या आयरिश बंदरगावातले सीगल माणसाच्या हातातले चिप्स पळवतात, आणि खिडकी उघडी होती. मग विचार केला, सीगलला कवितेत काय रस? दुसरा संशय माझ्या मित्रावर, उपेंद्रवर गेला. त्यालाही कवितेत रस नाही, पण तो सीगलपेक्षा हावरट आहे.

कागद आमच्या घरमालकिणीचा, नूलाचा. ती खाली राहते, मी आणि पाहुणी आलेली आई वर. नूलाच्या हॉलमध्ये तो फ्रेम करून टांगलेला असायचा. जाड काळी किनार, वर पंख फुटलेली कवटी, दोन्ही बाजूंना शवपेट्या, आणि मध्ये मर्सी नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलीवर लांबलचक शोककविता. बोस्टन, सतराशे छत्तीस. त्या काळी तिकडे माणूस गेलं की कोणीतरी कविता करायचं, छापखानेवाला ती कागदाच्या एकाच बाजूला छापायचा आणि लोक भिंतीवर चिकटवायचे. म्हणजे आपल्या चौकातला ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फ्लेक्सच, फक्त खाली शोकाकुल मित्रमंडळाचे गॉगलवाले फोटो नाहीत. नूलाची आत्या बोस्टनला मोलकरीण होती, तिला तो तिथल्या मालकिणीने प्रेमाने दिला म्हणे. आत्याने तो उचलला असावा असा माझा संशय आहे, पण मी भाडेकरू आहे.

फ्रेमची काच फुटली होती आणि शनिवारी म्युझियमचा माणूस कागद बघायला येणार होता. “त्याआधी एक स्कॅन काढून ठेव, तू कॉम्प्युटरवाला,” म्हणून नूलाने तो माझ्या हातात दिला. “नजरेआड करू नकोस, श्रेयस.”

मी घर शोधत होतो तेव्हा बऱ्याच जणांनी माझं आडनाव ऐकून फ्लॅट नुकताच गेल्याचं सांगितलं होतं. नूलाने आडनाव विचारलंच नाही, चहा विचारला. आता शनिवारी कागद नसला, तर आत्यानंतर या घरातला दुसरा चोर मी.

शुक्रवारी सकाळी स्कॅन काढला, कागद टेबलावर ठेवला आणि सँट्रीला ऑफिसला गेलो. संध्याकाळी परत आलो तर टेबल स्वच्छ. लगेच उपेंद्रला फोन लावला.

“उप्या, कागद कुठाय?”

“कुठला?”

“कुठला म्हणजे? तुझ्याकडे किती आहेत?”

“टॉयलेट पेपर आहे. पाठवू?”

“दुपारी तू इथे आला होतास.”

“काकूंनी लाडू न्यायला बोलावलं होतं. घेतले, निघालो. ए, काकू रडलेल्या वाटत होत्या. तू काही बोललास का त्यांना?”

“विषय बदलू नकोस.”

“अरे, पण लाडू देताना त्यांनी स्पर्श नाही केला. म्हणाल्या, डबा तूच उचल. मला काय झालंय का?”

हा माणूस लाडवांआड लपत होता, याची मला खात्री पटली.

जिन्यावर पावलं वाजली. दारात नूला.

“सगळं ग्रँड?” इथे ‘ठीक’ला ग्रँड म्हणतात.

“ग्रँड.”

“आणि माझी मर्सी?”

“एकदम ग्रँड.”

“ती मेलेली आहे, श्रेयस,” नूला म्हणाली, आणि माझ्या खांद्यावरून टेबलाकडे बघितलं. मी दार हळूहळू, आदराने लोटलं.

आता माझं लक्ष आईकडे गेलं. तिचे केस ओले होते. भर थंडीत, संध्याकाळी. देवापुढे दिवा नव्हता. जेवायला बिनफोडणीचं वरण. आणि सगळ्यात संशयास्पद म्हणजे मी घरी आल्यापासून तिने एकाही मुलीचा बायोडेटा दाखवला नव्हता. उलट माझ्या डोक्यावरून हात फिरवला. अमरावतीत तीस वर्षं विज्ञान शिकवलेली बाई आहे, विनाकारण हात फिरवत नाही.

“आई, टेबलावरचा कागद पाहिलास?”

“पाहिला. वाचला. फाडला. अन् डोक्यावरून आंघोळ केली.”

“फाडला?”

“मग? मयतीचं पत्र कोणी घरात ठेवतं का रे? तुझ्या आजोबांचं कार्ड आलं तं तुझ्या बाबांनी उंबरठ्यातच वाचून फाडलं होतं. तू तर टेबलावर मांडून गेला, जसं काही लाइटचं बिल आहे.” मग ती माझ्याजवळ सरकून बसली. “कोण होती ती?”

“कोण?”

“आता लपवून काय फायदा? मर्सी. ख्रिश्चन होती तं होती, मी काय खाऊन टाकलं असतं तुले? सांगाचं तरी.” तिने डोळे पुसले. आणि मग तिच्या आवाजात शाळा आली. “पण एकोणीस वर्षांची पोर, श्रेयस. अन् तू तिशीचा.”

“आई, ती सतराशे छत्तीस साली गेली!”

गृहपाठाची वही घरी राहिली म्हणणाऱ्या पोरांकडे ती कशी बघत असेल, ते मला तेव्हा कळलं.

“खाली साल छापलं होतं!”

“माणूस गेल्यावर साल कोण पाहते?”

“तुकडे कुठायत?”

“वाहत्या पाण्यात सोडाचे असतात. इथं नदी कुठं शोधू? त्या धक्क्यावर गेली अन् समुद्रात सोडले. एक तुकडा तुमच्या त्या पांढऱ्या पक्ष्यानं नेला.”

म्हणजे माझा पहिला संशय अगदीच चुकीचा नव्हता.

तरी स्कॅन होता. मी लॅपटॉप उघडला. फाइल उत्तम होती. एकेक डाग, एकेक घडी स्पष्ट. अक्षर मात्र एकही नव्हतं. मी मागची बाजू स्कॅन केली होती.

शनिवारी सकाळी आई साडीवर माझं जॅकेट घालून माझ्याआधी जिना उतरली. “फाडला मी आहे. तिचे उच्चार मले समजत नाहीत, तू फक्त भाषांतर कर. मधे आपलं डोकं लावू नको.”

मी भाषांतर केलं. कार्ड, उंबरठा, आंघोळ, धक्का, सीगल. नूला रिकाम्या चौकटीकडे बघत ऐकत राहिली. मी मनातल्या मनात बॅगा भरत होतो.

“तिने पूर्ण वाचली?” नूलाने विचारलं.

“पूर्ण.”

“मी आयुष्यभर ती काच पुसत आले. चार ओळींच्या पुढे कधी गेले नाही. फार वाईट कविता आहे.”

“काय म्हणते ती?” आई.

“कविता वाईट आहे म्हणते.”

“वाईटच आहे,” आई म्हणाली. “पण पोरगी चांगली होती.”

हेही मी भाषांतर केलं. नूला उठली. आईचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाली, “सॉरी फॉर युअर ट्रबल.” इथे मयताच्या घरी गेल्यावर असंच म्हणतात. आईने मान हलवली, याचं भाषांतर तिने मागितलं नाही. मग दोघी किचनमध्ये गेल्या. आतून ब्रेड कापल्याचा आणि आईचा आवाज येत होता. ती शाळेतल्या इंग्रजीत सांगत होती की सुतकात फोडणी चालत नाही. नूला विचारत होती, हॅम चालतं का.

बेल वाजली. म्युझियमचा माणूस पांढरे हातमोजे घेऊनच आला होता. त्याने रिकाम्या चौकटीकडे पाहिलं. मग जमिनीवर पाहिलं. मग, खोलीत बरंच फर्निचर असूनही, माझ्याकडे पाहिलं.

“कागद?”

मी तोंड उघडलं. लॅपटॉप काखेत होता, त्यात कोऱ्या कागदाची अत्युत्तम प्रत.

“पोचला,” नूला किचनमधून ट्रे घेऊन येत म्हणाली. “वेळ लागला, पण पूर्ण वाचणारीला पोचला. आणि त्याच्याकडे काय बघतोस? तो घरातला माणूस आहे.” ती क्षणभर थांबली, शब्द आठवला. “सूटॅकमध्ये आहे.”

म्युझियमच्या माणसाने टोपी काढली.