रबरावरची खाच

मित्रांनो, सायकल धुताना किंवा दुरुस्त करताना तिला जमिनीवरून उचलून धरणारा लोखंडी स्टँड तुम्ही पाहिला असेल. तसा एक जुना स्टँड मी. मला तीन पाय आहेत, एक खांब आहे आणि वर एक जबडा आहे. सायकलीच्या नळीला ओरखडा पडू नये म्हणून जबड्यात रबर बसवले आहे. धरून ठेवणे एवढेच माझे काम. त्यासाठी फार काही वाटून घ्यावे लागत नाही, आणि मी घेतही नाही.

एका वेल्डरने मला जुन्या पाइपांतून जोडले. माझा एक पाय किंचित आखूड राहिला, तेव्हा त्याने खाली एक नट डकवला आणि कोणाला काही सांगितले नाही. मग चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवणारा एक गृहस्थ मला घरी घेऊन आला. डोंगरवाटांवर चालवायची जाड टायरांची सायकल त्याच्याकडे होती. घर टेकडीच्या माथ्यावर, आणि गल्ली संपली की थेट उतार. सायकलवेड्याला आणखी काय हवे?

वेड कसले, ते सांगतो. सायकलची चेन रॉकेलमध्ये भिजत पडायची, तीही स्वयंपाकघरातल्या बरणीत. घरातले टूथब्रश एकेक करून चाकांच्या सेवेत रुजू व्हायचे. मेहुणीकडे जेवायला बसला तरी पेडलजवळून येणारा बारीक ‘कट’ आवाज त्याच्या डोक्यात असायचा, आणि हात वाळायच्या आत तो घरी येऊन माझ्यापुढे बसायचा. सासूबाई म्हणायच्या, जावईबापूंनी माझ्या मुलीला दोन चाकांची सवत आणली. त्यावर त्यांची मुलगी, म्हणजे त्याची बायको, म्हणायची की असू दे, ही सवत निदान जेवायला तरी मागत नाही.

ती मुलांचे गणवेश शिवायची. तिचे शिलाई मशीन माझ्यासमोरच, खिडकीपाशी होते. दोघे एकाच खोलीत आपापल्या यंत्रात डोके घालून बसत. तो मागे हात करायचा आणि ती मान वर न करता नेमका पाना त्याच्या हातात ठेवायची. निघताना तो दारात दोन्ही ब्रेक दाबून बघायचा, आणि ती उंबऱ्यात उभी राहून ते बघायची. ते दिवस बरे होते.

एकदा दुकानात कामाचा रगाडा पडला. चिखलाने माखलेली सायकल माझ्या जबड्यात तशीच राहिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तर त्याला उतारावर जायचे होते. या वेळी आपणच करून ठेवू, असे तिने मनाशी ठरवले. चिखल काढला, चेन घासली, तिला तेल दिले. सगळे अगदी बरोबर केले. मग तिची नजर चाकांच्या मधोमध असलेल्या ब्रेकच्या चकत्यांवर गेली. शिलाई मशीनवर इतकी वर्षे घालवलेली बाई ती. जिथे काही फिरते तिथे तेल द्यायचे, हा तिच्या हाताचा नियम. तिने आपल्या मशीनच्या तेलाचे थेंब दोन्ही चकत्यांवर सोडले आणि मऊ फडक्याने त्या चकचकीत केल्या.

मित्रांनो, ब्रेकचे पॅड या चकतीला दोन्ही बाजूंनी आवळतात, तेव्हा चाक थांबते. चकतीला तेल लागले की पकड जाते. ब्रेकची मूठ मात्र दाबताना हाताला नेहमीसारखीच घट्ट लागते.

तो आला, त्याने सायकल फिरून फिरून पाहिली, आणि पहिल्यांदाच कशालाही नाव ठेवले नाही. ती संध्याकाळभर मशीनवर गुणगुणत होती. सकाळी तो गल्लीच्या टोकाला पोचला आणि उताराच्या पहिल्याच वळणावर कठड्यावरून खाली गेला.

पाय मोडला. गुडघा पुढे कधी पूर्ण वाकला नाही. सायकल दुरुस्तीच्या दुकानातल्या मिस्त्रीने सायकल आणून माझ्या जबड्यात अडकवली. त्याने चकतीवरून बोट फिरवले, बोट नाकाशी नेले, आणि खाटेवर पडलेल्या माझ्या मालकाकडे बघितले. ती तेव्हा आत चहा करत होती.

“तिला सांगू नकोस,” मालक म्हणाला.

मिस्त्रीने चकत्या पुसल्या, पॅड बदलले आणि तो चहा पिऊन गेला.

त्यानंतरच्या महिन्यांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. घरात कोणी रडले नाही, भांडलेही नाही. बोलता बोलता तोंडातून ते निसटेल म्हणून तो बोलेनासा झाला. पायाचे दुःख असेल, असे समजून तिने विचारणे सोडले. ती काही म्हणाली की तो “हं” म्हणे. टायरांतली हवा गेली. धूळ बसली. मी सायकल धरून होतो. मला काही वाटत नव्हते.

मग डॉक्टरांनी सांगितले की गुडघ्यासाठी सपाट रस्त्यावर हळूहळू सायकल चालवा. तो नको म्हणाला. ती बादली घेऊन आली आणि माझ्यापुढे बसली. तिने धूळ काढली, चेन घासली, चेनला तेल दिले. तो खाटेवरून बघत होता. मग तिने आपल्या मशीनच्या तेलाची बाटली उचलली आणि तिचे टोक चकतीपाशी नेले.

“तिथे नको,” तो म्हणाला. “तिथे कोरडं फडकं.”

तिचा हात तिथेच थांबला. तिने चकतीकडे बघितले.

“म्हणजे तेव्हा...”

“तेव्हा चूक माझी होती. मी निघताना ब्रेक दाबून बघितलेच नाहीत.”

तिने बाटलीचे झाकण लावले. नीट, घट्ट लावले.

“बघितले होते,” ती म्हणाली. “मी दारात होते.”

ती रडली, पण आवाज न करता, आणि रडताना तिचा हात माझ्या खांबावर होता. तो खाटेवरून उतरला, न वाकणारा पाय लांब पसरून तिच्याशेजारी जमिनीवर बसला, आणि त्याने मागे हात केला. तिने त्या हातात कोरडे फडके ठेवले.

“दाखवा आता,” ती म्हणाली. “कसं पुसायचं ते.”

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा स्टँड असेल तर एवढी काळजी घ्या. काम झाले की सायकल उतरवून ठेवा आणि जबडा सैल करा. फार दिवस आवळून धरले की रबराला खाच पडते. माझ्या रबरावर त्या महिन्यांची खाच अजून आहे. सायकल धरताना त्या जागी पकड थोडी सरकते, म्हणून आता ते दोघे तिथे कापडाची एक घडी घालतात.