मुखेडच्या परीक्षेत मी पुसलेली उत्तरं

मी पॅकेजिंगचा फोल्डर बोलतोय. हसू नका. तुमच्या कॉम्प्युटरवर एखादा प्रोग्राम बसतो, तो माझ्यासारख्याच कुणाच्या तरी सांगण्यावरून बसतो. काय करायचं ते सोर्स कोडला, म्हणजे मूळ प्रोग्रामला, ठाऊक असतं. कुठे बसायचं, सोबत काय लागतं, जुनं काय काढून टाकायचं, हे माझ्यातल्या चार फायलींत लिहिलेलं असतं. लिहिलंय तेवढंच मी करतो. मुखेडला माझ्या हातून जे घडलं तेही तसंच घडलं. आणि ते घडावं, असं मला मनापासून वाटत होतं.

माझा जन्म लातूरचा, २०१४ सालचा. तेव्हा गल्लोगल्ली क्लासेसच्या पाट्या लागत होत्या. राघवेंद्र सरांनी आपल्या क्लासच्या परीक्षा कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं आणि त्यांच्याकडेच काम करणाऱ्या सर्वेशने प्रोग्राम लिहिला. पण औसा, मुदखेड, मुखेडच्या शाखांमध्ये तो बसवताना दर वेळी काहीतरी अडायचं. म्हणून सरांनी नांदेडहून मनस्विनीला बोलावलं. तिने मला लिहिलं आणि सर्वेशच्या सोर्स कोडच्या आतच ठेवलं. सर्वेशने काही बदललं की ती त्याच दिवशी मलाही उघडायची. दोन वर्षं मी एकदाही चुकलो नाही.

सर्वेशच्या डोळ्यांत मात्र मी खुपत होतो.

"माझ्या कोडमध्ये तुझं हे बोचकं कशाला?" तो एकदा तिला म्हणाला. "प्रोग्राम वेगळा, बांधाबांध वेगळी. याला दुसरीकडे ठेव."

"दुसरीकडे ठेवलं की विसरलं जातं, सर. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर माझी आई मदतीच्या कामावर होती. औषधं एका ट्रकमधून आली आणि कुठलं कुणाला द्यायचं ते कागद दुसऱ्या ट्रकमधून. तो ट्रक दोन दिवसांनी पोचला. तोवर खोकी नुसती पडून होती."

"भूकंप मला सांगू नको. आमच्या घरी धान्य, कागदपत्रं, दागिने, सगळं एकाच खोलीत होतं. सगळं एकदमच गेलं. तेव्हापासून एका जागी दोन गोष्टी मी ठेवत नाही."

राघवेंद्र सरांना दोघांचंही पटलं. पण सर्वेश जुना माणूस, म्हणून त्याचं ऐकलं गेलं. त्याने मला उचलून वेगळ्या जागी टाकलं आणि बदलांच्या नोंदीत दोनच शब्द लिहिले: 'कचरा काढला'.

ते दोन शब्द मी विसरलो नाही. मनस्विनीही विसरली नाही. महिनाभरात नोकरी सोडून ती नांदेडला परत गेली. जाताना माझ्या पहिल्याच ओळीत लिहून गेली, 'सोर्स कोडमधल्या जागा बदलल्या तर आधी मला वाचा.' पुढचे आठ महिने मला कुणी उघडलंही नाही.

माझ्यात एक सूचना होती: नवी आवृत्ती बसवताना 'तात्पुरतं' नावाचा फोल्डर रिकामा करायचा. शाखांमधले कॉम्प्युटर जुने, लवकर भरून जायचे, म्हणून मनस्विनीने ती लिहिली होती. त्या आठ महिन्यांत सर्वेशने नेमक्या त्याच फोल्डरमध्ये मुलांची उत्तरं ठेवायला सुरुवात केली. नवी आवृत्ती तयार करताना त्याने मला न वाचताच सोर्स कोडला जोडलं, तेव्हा ते माझ्या लक्षात आलं. मला बोलता येत नाही. येत असतं तरी मी बोललो नसतो.

मुखेडला त्या रविवारी मोफत प्रवेशाची परीक्षा होती. बासष्ट मुलं आली होती. फोन नंबरासकट त्यांची नावनोंदणीही सकाळी कॉम्प्युटरवरच झाली. पहिला पेपर संपला. प्रोग्राममध्ये एक बारीक चूक दिसली, म्हणून मधल्या सुट्टीत सर्वेशने नवी आवृत्ती बसवायला घेतली. मी कामाला लागलो. 'तात्पुरतं' रिकामं केलं. इतक्या आनंदाने मी कधीच काही केलं नव्हतं.

दुसऱ्या पेपरला बसलेल्या सुकन्याने हात वर केला.

"सर, माझा पहिला पेपर कोरा दाखवून राहिला. मी तर समदा सोडवला होता."

सर्वेशने पाहिलं. बासष्टही पेपर कोरे होते. त्याचा चेहरा उतरत गेला आणि मी तो डोळे भरून पाहिला.

बाहेर थांबलेले सुकन्याचे वडील, शेषेराव, आत आले. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "लेकरानं पेपर दिला का न्हाई, तेवढं सांगा."

"दिला. आमच्याकडून गेला."

"आमच्याकडून म्हंजी कोणाकडून?"

सर्वेश खुर्चीवरून उठून उभा राहिला. मग म्हणाला, "माझ्याकडून."

पुढच्या रविवारी परीक्षा पुन्हा घ्यायची, असं तिथल्या तिथे जाहीर झालं. सुकन्या म्हणाली, "येते मी. पण मी कागदावर लिहीन. याच्यावर न्हाई."

त्या आठवड्यात सर्वेश स्वतः नांदेडला जाऊन मनस्विनीला घेऊन आला. तिने मला पुन्हा सोर्स कोडच्या आत ठेवलं आणि 'तात्पुरतं' रिकामं करायची ओळ काढून टाकली.

"तुझंच खरं होतं," सर्वेश म्हणाला.

"आत होता म्हणून तो नीट चालला असं नाही, सर. मी रोज वाचत होते म्हणून चालला. आता तुम्ही वाचा."

सुकन्याने कागदावर पेपर दिला. सर्वेशने तो हाताने तपासला. तिला प्रवेश मिळाला.

आज मी आतच आहे. सर्वेश काहीही बदलण्याआधी मला वाचतो. त्याला मी अजून माफ केलेलं नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनो, आम्हाला जवळ ठेवा आणि उघडून बघत चला. आमच्यातल्याही कुणाकुणाला राग येतो.

एक गोष्ट मात्र कुणापाशी बोललो नव्हतो. फेरपरीक्षेला एक्केचाळीसच मुलं आली. उरलेल्यांना फोन करून बोलवा, असं राघवेंद्र सर म्हणाले. सर्वेशने यादी शोधली. त्या एकवीस जणांची नावं आणि फोन नंबरही मी रिकाम्या केलेल्या त्याच फोल्डरमध्ये होते.