दाराआडची लाल पेटी

"आई गं! मेली ही पेटी! सगळं घर सोडून माझ्याच करंगळीवर डोळा हिचा!"

मित्रांनो, हे माझं कौतुक चाललंय. मी दाराआडची लाल पत्र्याची पेटी आणि या आमच्या सूनबाई. शिवणयंत्राकडे जाताना दिवसातून एकदा तरी त्यांचा पाय माझ्या कोपऱ्यावर आपटतो. पण मला तिथून हलवायची कोणाची छाती नाही. कारण मला तिथे आजोबांनी ठेवलंय.

आजोबा म्हणजे सूनबाईंचे सासरे. त्यांनी जन्मभर पत्रेकाम केलं. एका वर्षी वादळाने त्यांच्या घराचं छप्पर उचलून नेलं आणि मागोमाग नदी घरात शिरली. माणसं वाचली, पण अंगावरच्या कपड्यांनिशी. पाणी ओसरल्यावर चिखलात छपराचा एकच पत्रा सापडला. दुसऱ्या कोणी तो भंगारात घातला असता. आजोबांनी ठोकून सरळ केला, कापला, रिवेट मारले, लाल रंग दिला. अशी मी जन्मले. पूर्वी मी या घराच्या डोक्यावर होते, आता पायात येते, एवढाच फरक.

माझ्या पोटात काय नव्हतं ते विचारा! बॅटरी आणि तिचे सेल, रेडिओ, मलमपट्टीचा डबा, आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, घराची कागदपत्रं, पाण्याचा कॅन, दोरी, बिस्किटं, दोन चादरी. झाकणाच्या आतून एक यादी चिकटवलेली होती. पाणी आलं तर कोणी काय करायचं, ते तिच्यात होतं. सूनबाईंनी गॅस आणि विजेचं बटण बंद करायचं, आजोबांच्या मुलाने दार ओढून शेजाऱ्यांना हाक मारायची. आणि सगळ्यांत वर ठळक अक्षरात, 'पेटी : मी स्वतः'. हा 'मी स्वतः' म्हणजे अर्थातच आजोबा.

दर सहा महिन्यांनी सराव व्हायचा. आजोबांनी गळ्यातली शिट्टी तीनदा फुंकली की कापलेलं कापड यंत्रावर तसंच टाकून सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि टेकडीवरची शाळा गाठायची. पायऱ्या बासष्ट. "निघाली पलटण!" म्हणून गल्ली हसायची. आजोबा मला खांद्यावर घेऊन सर्वांत पुढे. कडी कानाशी वाजायची आणि मला वाटायचं, या गावात माझ्याएवढी उंच पेटी दुसरी नाही.

पण वर्षं काय, गप्प बसून थोडीच राहतात! आजोबा मला आधी एकदा टेकवू लागले. मग दोनदा. मग दर वीस पायऱ्यांना. गंमत अशी की ते थांबले की नातीच्या चपलेचा अंगठा नेमका तिथेच निघायचा. सूनबाईंना नदी बघावीशी वाटायची. दूधगाडी चालवणाऱ्या मुलाला फोन यायचा, तो न वाजताच. आजोबांचा श्वास खाली बसेपर्यंत सगळे कामात असायचे. आजोबांच्या हातून मला घेणार कोण?

मग एका दुपारी मुलगा आला. इकडे तिकडे बघून त्याने माझ्यातला पाण्याचा कॅन काढला आणि दूधगाडीत ठेवला. 'तेवढाच बाबांचा भार कमी,' असं पुटपुटला. चार दिवसांनी सूनबाईंनी मलमपट्टीचा डबा, गोळ्या आणि कागदपत्रं कापडी पिशवीत घालून दारामागच्या खिळ्याला अडकवली. निघताना आपणच घेऊ म्हणून. नातीने बॅटरी आणि रेडिओ आपल्या दप्तरात दडवले. बिस्किटं आणि चादरी कधी, कोणी नेल्या, ते मलाही सांगता येणार नाही. प्रत्येकाला वाटलं, आपण एकट्यानेच हे पुण्य केलंय. पुढच्या सरावाला आजोबा दोनदाच थांबले. "बघा, हात अजून शाबूत आहे!" म्हणाले. सगळे कसे खूश! मी मात्र आतून नुसती खडखडत होते. पेटीला तोंड असतं, मित्रांनो, पण ते दुसऱ्याने उघडावं लागतं.

आणि एका सकाळी खरीच शिट्टी वाजली. वरच्या धरणातून पाणी सोडल्याचं भोंगा लावलेली गाडी ओरडत गेली. गॅस बंद झाला, बटण बंद झालं. मुलगा दूध घालायला गेलेला, म्हणून शेजाऱ्यांना हाका मारायचं कामही सूनबाईंवर आलं. त्या गडबडीत पिशवी खिळ्यालाच राहिली. नातीचं दप्तर खाटेखाली. बासष्ट पायऱ्या चढून आम्ही वर पोहोचलो तेव्हा आजोबांचे ओठ पांढरे पडले होते, पण मान ताठ होती.

शाळेच्या वर्गात गाव जमलं होतं. नर्सताई धावत आल्या. "आजोबा, बरं झालं तुम्ही आलात! एकाचा पाय कापलाय. पट्टी द्या लवकर."

"बघा काय आहे ते," म्हणत आजोबांनी सगळ्यांसमोर माझं झाकण उघडलं.

आत दोरीचं एक वेटोळं होतं. बाकी हवा.

नर्सताईंनी आपली ओढणी फाडून जखम बांधली, आजोबांचा चेहरा बघून आपल्याकडची एक गोळी त्यांना दिली आणि "आजची देते, उद्याचं काय?" म्हणून दटावलंही. तेवढ्यात वरच्या रस्त्याने मुलगा दूधगाडी घेऊन पोहोचला, पाण्याच्या कॅनसकट. मग एकेकाचं बाहेर पडायला लागलं.

"मी फक्त पाणीच काढलं होतं."

"अहो, मी तर पिशवी घेणारच होते!"

"मला वाटलं, नुसत्या बॅटरी-रेडिओने काय होतंय," नात म्हणाली.

"पण काढलं कशाला तुम्ही सगळ्यांनी?" नर्सताईंनी विचारलं.

"जड होत होती," मुलगा म्हणाला.

"कोणाला?"

नात वाकून चपलेचा अंगठा बघू लागली. तो आज चांगला शाबूत होता.

इथे थोडं थांबून एक मागणं मागते, मित्रांनो. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी पेटी असेल, तर तिला वर्षातून दोनदा उघडा. सेल तपासा, गोळ्यांवरची तारीख वाचा, पाणी बदला. आणि ती उचलणाऱ्याकडेही एकदा नीट बघा. त्याला विचारा. लाजू नका, त्यालाही लाजवू नका. आमच्या घरात हे विचारायचं राहिलं म्हणून घराची भिजलेली कागदपत्रं दोन दिवस शाळेच्या बाकांवर वाळत पडली होती.

तर, पुन्हा त्या वर्गात. आजोबांनी माझ्या झाकणावरून हात फिरवला आणि हळूच हसले.

"ही पेटी मी माझ्या हातांनी ठोकलीय. रिकामी झाल्यावर तिचं वजन किती, हे मला कळणार नाही होय? पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण तोंड उघडलं असतं तर दुसरंही बोलावं लागलं असतं."

"काय, बाबा?" सूनबाईंनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं, तरीही.

"मला या पायऱ्या आता चढवत नाहीत गं. पुढच्या वेळी पेटी तू घे. आणि यादीत सगळ्यांत वर लिही, आधी मला धरायचं."