‘खारी विहीर’ची शेवटची सोळा पानं

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. ‘खारी विहीर’ हे माझं नाव आणि चंद्रप्रभा वाकोडे ही माझी लेखिका. ही दोन्ही नावं तुम्ही ऐकली नसतील तर वाईट वाटून घेऊ नका. एक काळ असा होता, की अख्ख्या लखनौ शहरात ती फक्त एका बाईला माहीत होती. तिची आणि माझी ही हकिगत आहे.

१९६८ साली नागपूरच्या एका लहानशा छापखान्यात माझा जन्म झाला. शिशाच्या अक्षरांचे खिळे एकेक करून जुळवले गेले, सोळा-सोळा पानांचे तेरा फर्मे छापले, दुमडले आणि दोऱ्याने शिवले. आम्ही पाचशे भावंडं होतो. मी अकोला जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात गेले. पहिली काही वर्षं मला उसंत नव्हती. मास्तर न्यायचे, कंपाउंडर न्यायचे, बायका तर पाळी लावून न्यायच्या. कारण माझ्यात त्यांचंच दुःख होतं. त्या भागात कुठेही खणा, विहिरीला खारं पाणी लागतं. माझी नायिका तानी गोड पाण्यासाठी दोन कोस चालते, आणि एक दिवस सात बायकांना घेऊन स्वतःच विहीर खणायला लागते. गावचा पाटील हसतो. तानी खणत राहते.

पुढे वाचनालयाच्या भिंतीला ओल आली आणि वाळवीने माझा शेवटचा फर्मा फस्त केला. दोनशे आठ पानांची मी एकशे ब्याण्णव पानांची उरले. ग्रंथपालांनी माझ्या पहिल्या पानावर ‘बाद’ असा जांभळा शिक्का मारला आणि मला रद्दीच्या ढिगावर टाकलं. तिथून मला पंधरा वर्षांच्या एका मुलीने उचललं. तिचं नाव सुरुची.

“त्याला शेवट नाही, बाळ,” ग्रंथपाल म्हणाले.

“सुरुवात तर आहे ना जी,” ती म्हणाली.

सुरुचीचं लग्न माणिक गावंडे यांच्याशी झालं. ते सैन्यात होते. मग त्यांच्या काळ्या पत्र्याच्या ट्रंकेतून, गरम कपड्यांच्या आणि डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीने, मी देशभर हिंडले. १९९३ मध्ये माणिकराव हवालदार म्हणून लखनौला आले आणि तेलीबागेत दोन खोल्यांचं भाड्याचं घर मिळालं. सुरुची मला दरवर्षी एकदा तरी वाचायची. माझं शेवटचं उरलेलं वाक्य तिला तोंडपाठ होतं: ‘अठरा हात खोलीवर तानीने पहार मारली आणि आवाज बदलला.’ पुढे काय झालं? खडक लागला की पाणी? सोळा वर्षं ती या प्रश्नापाशी येऊन थांबत होती.

तिची मुलगी जुई बारा वर्षांची होती. मराठी तिला सगळं समजायचं, पण उत्तर मात्र हिंदीत. “मम्मी, जिसका एंडिंग ही नहीं, उसे कितनी बार पढ़ोगी?” असं ती विचारायची. सुरुची हसायची. पण मुलीने मराठीचं एक पानही उघडू नये, याची सल तिच्या मनात होती. मी तिच्या उशाशी असायचे, मला ते कळायचं.

लखनौच्या ‘महानगर’ नावाच्या भागात हेमाताई मुळ्ये राहायच्या. त्यांच्या घरी महिन्याच्या शेवटच्या रविवारी मराठी वाचक मंडळाची बैठक भरायची. बहुतेक मंडळी बँकांतली आणि सरकारी कंपन्यांतली होती. सुरुची तेलीबागेहून टेंपोने चारबाग, तिथून दुसऱ्या टेंपोने निशातगंज आणि पुढे पायी, अशी दीड तास प्रवास करून जायची, दाराजवळच्या खुर्चीत बसायची आणि फक्त ऐकायची. दोन वर्षांत ती तिथे एकदाही बोलली नव्हती. बारावी झालेली हवालदाराची बायको, पुण्या-मुंबईच्या त्या पदवीधरांपुढे काय बोलणार, असं तिला वाटायचं.

डिसेंबरची बैठक मोठी असायची. ज्याला हवं त्याने उभं राहून दहा मिनिटांत आपला आवडता कादंबरीकार सुचवायचा, मग हात वर करून मतं घ्यायची. जो निवडून येईल त्याची सगळी पुस्तकं मागवायची आणि वर्षभर सगळ्यांनी मिळून वाचायची. दरवर्षी निवड व्हायची ती धनंजय पाटणकरांच्या पसंतीची. ते बँकेत मोठे अधिकारी होते, वाचन दांडगं होतं आणि बोलणं असं की समोरचा आपलं मत विसरून जाई.

१९९५ च्या डिसेंबरात सुरुचीने मला साडीच्या जुन्या तुकड्यात गुंडाळलं आणि पिशवीत ठेवलं.

“आज मी नाव देणार आहे,” ती माणिकरावांना म्हणाली. तिचा आवाज कापत होता.

“मग दे ना,” ते बूट पुसता पुसता म्हणाले. “तिथं कोणी गोळी घालणार आहे काय?”

त्या दिवशी हेमाताईंच्या दिवाणखान्यात तेवीस जण होते. पाटणकर आधी बोलले आणि छान बोलले. टाळ्या झाल्या. मग दाराजवळच्या खुर्चीतून सुरुची उठली तेव्हा सगळ्यांच्या माना वळल्या. तिने लेखिकेचं नाव सांगितलं. कुणीच ते ऐकलेलं नव्हतं. तिने मला वर धरलं. माझा फाटका पुठ्ठा आणि उघडा पडलेला कणा पाहून मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. मित्रांनो, त्या क्षणी मला वाळवीची आठवणसुद्धा बरी वाटली.

“शेवट काय आहे हो या कादंबरीचा?” पाटणकरांनी विचारलं.

“मला माहीत नाही,” सुरुची म्हणाली. “शेवटची पानं नाहीत.”

“अच्छा! म्हणजे लेखिका अनोळखी आणि पुस्तक अर्धवट. वहिनी, रागावू नका, पण जे स्वतः पुरतं वाचलेलं नाही ते दुसऱ्याला वाचायला सांगायचं, हे कसं काय?”

प्रश्न चुकीचा नव्हता. म्हणूनच तो जास्त लागला. सुरुचीने बोलण्यासाठी एक कागद लिहून आणला होता. तिने तो घडी करून पिशवीत टाकला आणि पाटणकरांकडे सरळ पाहिलं.

“तुम्ही पुरतं वाचलेलं एखादं पुस्तक सोळा वर्षं तुमच्या मागं लागलं आहे काय जी?” ती म्हणाली. “हे लागलं आहे. माझी आई दोन कोसांवरून पाणी आणायची. तिच्या डोक्यावर मधोमध केस नव्हते, हंड्यानं गेले होते. आम्हाला वाटायचं, बायांचं असंच असते. या बाईनं ते लिहून ठेवलं, तेव्हा मला कळलं की असंच नसते. कोणी खणूही शकते.”

मग तिने माझं एकशे चाळिसावं पान उघडलं आणि वाचायला लागली. सात बायका आळीपाळीने खड्ड्यात उतरतात, एकीचं तान्हं बाळ वर काठावर रडतं, आणि ज्या बाईची पाळी नाही ती त्याला पाजते, बाळ कुणाचं हे न पाहता. सुरुचीचा आवाज आधी घोगरा होता, मग मोकळा झाला. दहा मिनिटं केव्हाच संपली होती. हेमाताईंनी घड्याळ उलटं करून ठेवलं. शेवटी तिने ते वाक्य वाचलं, ‘आवाज बदलला’, आणि मला मिटलं.

मग एक आजोबा म्हणाले, “खडकच असणार. खडकाचाच आवाज बदलतो.” त्यावर एक बाई तावातावाने म्हणाल्या, “अजिबात नाही. ओल्या मातीचाही बदलतो!” आणि जी जुंपली म्हणता! चहा गार झाला, कचोऱ्या तशाच राहिल्या. तेवीस माणसं एका न पाहिलेल्या विहिरीच्या काठावर उभी राहून आत डोकावत होती.

मतं घेतली तेव्हा आमच्या नावाला एकोणीस हात वर झाले. विसावा हात पाटणकरांचा होता. तो जरा उशिरा वर झाला, पण झाला.

“हरलो, वहिनी,” ते म्हणाले. “पण आता शेवट सापडल्याशिवाय मला झोप नाही. पाणी लागलं की नाही?”

सुरुची घरी परतली आणि त्या रात्रीच्या जेवणात मीठ घालायला विसरली. माणिकराव मुकाट्याने जेवले आणि म्हणाले, “जिंकली वाटते.”

पण पुस्तकं मिळणार कुठून? माझ्या आतल्या पानावरच्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र परत आलं. छापखाना केव्हाच बंद झाला होता. तेव्हा पाटणकरच उठले. निशातगंजच्या एसटीडी बूथवरून त्यांनी विदर्भातल्या बँकेच्या शाखांमधल्या आपल्या ओळखीच्यांना एकेक करून फोन लावले. रोज ऑफिस सुटल्यावर ते तिथे जायचे. बाराव्या दिवशी अमरावतीच्या एका रोखपालाने सांगितलं, “वाकोडे बाई? त्यांनी मला चौथीत शिकवलं आहे. आहेत की.”

चंद्रप्रभाबाई त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या. महिनाभरात त्यांचं पार्सल आलं. त्यात त्यांच्या चारही कादंबऱ्यांची एकेक प्रत होती आणि एक पत्र. ‘माझ्याकडे या एवढ्याच प्रती आहेत,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘वाचून झाल्यावर परत पाठवाव्यात. मला वाटलं होतं की माझे वाचक माझ्याआधी संपले.’

माझी धडधाकट बहीण सत्तावीस वर्षांनी माझ्यासमोर आली. तिच्या अंगावर सगळी दोनशे आठ पानं होती! मंडळातल्या लोकांसाठी पाटणकरांनी झेरॉक्स काढून आणल्या. सुरुचीने मात्र माझ्यासाठी झेरॉक्स घेतली नाही. तिने माझ्या मापाचे कोरे कागद कापून आणले आणि जुईला म्हणाली, “तुझं अक्षर चांगलं आहे. मी सांगते, तू लिही.”

“मैं? मराठी?” जुईने कपाळाला हात लावला.

“अक्षरं तर तीच आहेत.”

पण अगदी तीच नव्हती. पहिल्याच ओळीत ‘काळी’ आलं आणि जुईने ‘काली’ लिहिलं. सुरुचीने खोडून ‘ळ’ गिरवून दाखवला. जुईच्या जिभेला तो वळेना. माय-लेकी हसून हसून बेजार झाल्या. रोज संध्याकाळी दोन पानं, असे आठ दिवस लागले. पाचव्या दिवसापासून जुई स्वतःच विचारू लागली, “आगे क्या हुआ?” पण सुरुचीनेही पुढचं पान उघडून पाहिलं नव्हतं. सोळा वर्षं थांबली होती, ती मुलीसोबत आणखी आठ दिवस थांबली.

पाणी लागलं होतं, मित्रांनो. खडकाखालून आलं. नऊ दिवस ते नुसतं गढूळ होतं आणि गाव हसत होतं. दहाव्या दिवशी नितळलं, आणि गोड निघालं. त्या पहाटे विहिरीवर पहिली कोण आली? पाटलाची बायको. पदरात तोंड लपवून, हंडा घेऊन. तानीने तिच्याकडे पाहिलं, हंडा भरला आणि तिच्या डोक्यावर चढवून दिला.

जुईने शेवटचा पूर्णविराम दिला आणि पेन आपटलं.

“मी असते तर तिला एक थेंब दिला नसता!” ती ओरडली.

मुलगी मराठीत भांडत होती. “का नसता दिला?” सुरुचीने हळूच विचारलं, आणि त्या संध्याकाळी भाजी लागेपर्यंत दोघींचा वाद चालला, दोन्हीकडून मराठीत. जुईच्या वाक्यांत चार हिंदी शब्द होते, असू देत. करपल्याचा वास येईपर्यंत दोघींनाही भाजीचं भान नव्हतं.

निशातगंजच्या पुस्तकबांधणीवाल्या बुजुर्गांनी ती सोळा पानं माझ्या पोटात शिवली, नवा पुठ्ठा चढवला आणि म्हणाले, “बिटिया की लिखाई छपाई से अच्छी है.” मला ते पटलं.

मंडळाने चंद्रप्रभाबाईंना लखनौला यायचं आमंत्रण दिलं. त्यांनी आधी नाही म्हटलं. मग जुईने त्यांना एक लांबलचक पत्र लिहिलं. तानीचं वागणं तिला का पटत नाही, याची सात कारणं त्यात होती. उत्तर एका ओळीचं आलं: ‘या मुलीशी समोरासमोर बोलायला हवं. येते.’

एप्रिलच्या अखेरीस, सकाळी, नागपूरहून येणारी गाडी चारबाग स्टेशनात शिरली. फलाटावर एकेचाळीस माणसं उभी होती. मंडळात मुळात इतके जण नव्हतेच, पण झेरॉक्स हातोहात फिरल्या होत्या. छावणीतल्या मराठी बायका आल्या होत्या, माणिकराव गणवेशात आले होते, पाटणकर हार घेऊन सगळ्यात पुढे होते. जुईने मला दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरलं होतं, म्हणजे बाईंना आपली माणसं ओळखू यावीत.

डब्याच्या दारात पांढऱ्या सुती साडीतल्या, ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एक आजी दिसल्या. त्यांनी ती गर्दी पाहिली, हार पाहिला, आणि घाईघाईने बाजूला सरकून मागे वळून पाहिलं.

“थांबा हो,” त्या म्हणाल्या, “या डब्यात कोणी मंत्री आहेत वाटते. त्यांना आधी उतरू द्या.”

सुरुची पुढे झाली. त्यांचा हात हातात घेऊन म्हणाली, “कोणी नाही जी. आम्ही तुमच्यासाठीच आलो आहोत.” आणि मग तेलीबागेची ती दाराजवळ बसणारी बाई, एकेचाळीस माणसांच्या पुढे, चंद्रप्रभाबाईंची पिशवी आपल्या खांद्यावर घेऊन फलाटावरून ताठ मानेने चालू लागली.

मित्रांनो, मी पुस्तक आहे. मला पाय नाहीत, आवाज नाही. मला ओलीपासून जपा, माझी पानं दुमडू नका, हे तर मी सांगीनच. पण त्याहून मोठं एक मागणं आहे. तुम्हाला कुणाचं लिहिणं मनापासून आवडलं असेल, तर ते एकट्याने कपाटात ठेवू नका. पुस्तक फाटकं असो, नाव कुणी ऐकलेलं नसो, तुमचा आवाज कापत असो. उभे राहा आणि ते नाव चारचौघांत सांगा. कुठेतरी एका गावात एक म्हातारी लेखिका आपले वाचक संपले असं समजून बसली असेल. तिला कळू द्या की तसं नाही.