माझ्या शेवटच्या प्रकरणातली येसू

मी 'सावळ खिंड' या कादंबरीची सातव्या आवृत्तीतली एक प्रत. पुण्यातल्या एका छापखान्यात खिळे जुळवून मला छापलं, त्याला आता पंचेचाळीस वर्षं होऊन गेली. कडा कुरतडल्यात, पुठ्ठा दोनदा बदललाय, पण अक्षर अजून ठसठशीत आहे.

माझ्या शेवटच्या प्रकरणात एक बाई मरते. हे आधीच सांगून टाकते, कारण माझं निम्मं आयुष्य त्या प्रकरणाच्या ओझ्याखाली गेलं.

गोष्ट अशी. एक आजारी तरुण हवापालटासाठी लोणावळ्याच्या बंगल्यात राहायला येतो. डोंगरातल्या वाडीवरची येसू त्याला रोज दूध घालते. तो बरा होऊन पुण्याला परत जातो, आणि त्याची गाडी घाट उतरते न उतरते तोच येसू कड्यावरून उडी टाकते. माझ्या लेखकांनी हे इतकं सुंदर लिहिलं, की लोक रडले. पुस्तक अभिजात ठरलं, परीक्षेला लागलं. मी एका शाळेच्या ग्रंथालयात होते तेव्हा कितीतरी मुलांनी माझ्या समासात पेन्सिलीनं लिहिलं, 'महत्त्वाचे'. येसू पडते त्या पानावर सर्वांत जास्त रेघा आहेत. माणसांची ही सवय मला कधी कळली नाही. बाई जिवंत असते त्या दोनशे पानांवर कुणी एक टिंबही दिलेलं नाही.

पुढे शाळेनं जुनी पुस्तकं रद्दीत काढली. तळेगावच्या रद्दीवाल्याकडून मला सखाराम यांनी उचललं. ते वराळ्याचे, काच कारखान्यात भट्टीवर कामाला. विहारात मुलांसाठी वाचनालय काढायचं होतं म्हणून दर रविवारी पुस्तकं हुडकत फिरायचे. विहारात द्यायच्या आधी प्रत्येक पुस्तक ते स्वतः वाचत. माझ्या एकविसाव्या पानावर 'खाली गावकुसाबाहेरच्या वस्तीचा धूर दिसत होता' असं एक वाक्य आहे. सखारामांनी त्याच्या शेजारी लाल पेननं लिहिलं, 'धूर दिसला. माणसं?'

मग मला विहारात न देता त्यांनी घरी ठेवून घेतलं आणि मुलीच्या हातात दिलं. "अमृता, हे वाच," ते म्हणाले. "भाषा चांगली आहे. बाकी तू ठरव."

अमृता तेव्हा अकरावीत होती. तिला मी आवडले. परीक्षेत 'येसूच्या मृत्यूची अपरिहार्यता स्पष्ट करा' असा प्रश्न आला आणि तिनं चार पानं उत्तर लिहिलं. पैकीच्या पैकी गुण मिळाले. पुढं ती मराठीची प्राध्यापक झाली, मुलांना तोच प्रश्न घालू लागली, आणि उत्तरं तपासताना दर वर्षी थोडी अस्वस्थ होऊ लागली. "अपरिहार्य कुणासाठी?" असं एकदा ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिनं हातातलं पेन खाली ठेवलं.

दोन वर्षांपूर्वी कॉलेजची सहल लोणावळ्याला गेली. मी अमृताच्या पिशवीत होते. जीपचा ड्रायव्हर दत्ता म्हणून एक तरुण होता. त्यानं सगळ्यांना एका कड्यावर नेलं. तिथं निळी पाटी होती, 'येसू पॉइंट'. दत्तानं आवाज बारीक करून गोष्ट सांगितली. इथं ती उभी राहिली, इथून तिनं शेवटची गाडी बघितली, आणि इथून उडी मारली. दोन मुलींनी डोळे पुसले. बाकीच्यांनी फोटो काढले.

मुलं पांगल्यावर अमृता त्याच्याजवळ गेली. "ही गोष्ट पुस्तकातली आहे. तुम्ही खरी म्हणून सांगता?"

"खरीच की मॅडम. येसू माझी पणजी हुती."

"त्यांनी खरंच उडी मारली?"

दत्तानं मागं वळून कुणी ऐकत नाही ना बघितलं. "न्हाई ओ. ती लय म्हातारी हून मेली. मी सातवीत हुतो, मला चांगली आठवतीय. पन तिनं उडी मारल्याबिगर लोक गाडीतनं उतरत न्हाईत."

अमृता पाटीवरचं नाव पुन्हा वाचू लागली. मी मात्र पिशवीत अंगभर शहारले. ज्या बाईचं मरण मी हजार हातांतून फिरवलं, ती माझ्या कितीतरी आवृत्त्या निघेपर्यंत जिवंत होती.

त्या उन्हाळ्यात अमृतानं लिहायला सुरुवात केली. मला टेबलावर उघडी ठेवून ती माझीच गोष्ट पुन्हा लिहीत होती. तिच्या कादंबरीतली येसू कड्यावर जाते, वाकून बघते, आणि मागं वळून थेट लेखकालाच विचारते, "तुमचं लिहून झालं असेल तर मी जाऊ का? म्हैस बांधायची राहिलीय." लेखक गोंधळतो. तो त्या कादंबरीतलं एक पात्रच होऊन बसतो, बंगल्याच्या व्हरांड्यात चष्मा शोधत. मग येसूची तीन आयुष्यं येतात, एकामागून एक, आणि त्यांतलं खरं कोणतं ते कादंबरी सांगत नाही. गावकुसाबाहेरच्या धुराखालची माणसंही त्यात आली. चूल कुणी पेटवली होती आणि त्या दिवशी काय शिजत होतं, ते सगळं आलं.

खरं सांगते, मला आधी भीती वाटली. पुन्हा लिहिणं म्हणजे आधीचं खोडणं, असं मला वाटायचं. दुसरी आली की मी रद्दीत, हे मी धरूनच चालले होते.

अमृताची मैत्रीण ज्योत्स्ना तिच्याच कॉलेजात समीक्षा शिकवायची. तिनं हस्तलिखित वाचलं. स्टाफरूममध्ये चहा घेताना ती म्हणाली, "याला उत्तराधुनिक वास्तववाद म्हणतील बघ. माणसं खरी, डोंगर खरा, आणि गोष्ट आपण गोष्ट आहोत हे लपवत नाही. मला फार आवडलं."

अमृताच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"पण एक विचारू?" ज्योत्स्ना म्हणाली. "ही बाई कुणाची तरी आई होती. तिच्या मुलाबाळांना विचारलंस? नाहीतर त्या लेखकात आणि तुझ्यात फरक काय राहिला?"

अमृताचा चहा तसाच राहिला. त्यानंतर दोन महिने तिनं हस्तलिखिताला हात लावला नाही. प्रकाशकाचे फोन येत होते, ती उचलत नव्हती. वडिलांशीही ती तुटक बोलू लागली. एके दिवशी सखारामांनी मला कपाटातून काढून तिच्यासमोर ठेवलं. "जा आणि तू लिहिलेलं येसूच्या घरच्यांना वाचून दाखव," ते म्हणाले. "नको म्हणाले तर नको. पण न विचारता कपाटात ठेवलंस, तर तोही तूच एकटीनं केलेला निवाडा झाला."

मार्चमधल्या एका रविवारी अमृता स्कूटरवरून निघाली. पिशवीत हस्तलिखित आणि मी. टाकवे बुद्रुकच्या पुढं चढ लागतो, तिथून वर दत्ताची वाडी. दत्ता फाट्यावर घ्यायला आला होता. घराच्या ओट्यावर त्याची आजी नाचणी निवडत बसली होती. ती सावित्राबाई, येसूची थोरली मुलगी, पंचाहत्तरीची.

दत्ताची बायको करिष्मा हिनं पाणी आणून दिलं. अमृतानं येण्याचं कारण सांगितलं, अडखळत. सावित्राबाईंची नजर माझ्यावर पडली.

"ह्येच का त्ये पुस्तक?"

"हो मावशी."

"शाळंत पोरं मला भुताची पोरगी म्हनायची ह्येच्यामुळं," सावित्राबाई म्हणाल्या. "घरी आई भाकरी थापाय बसलेली असायची, आन् शाळंत मास्तर सांगायचे, येसू मेली."

मला तिथल्या तिथं मिटून जावंसं वाटलं.

"मग खरं काय झालं होतं?" अमृतानं विचारलं.

"काय व्हायचंय? लगीन झालं. दुधाचा रतीब सोडून ती ह्या वाडीत नांदाय आली, पुढं मलाबी हितंच दिली. बंगल्यातल्या त्या लिवनाऱ्या सायबानं कुनाला इचारलं न्हाई, येसू कुटं गेली म्हनून. दुसरीकडनं दूध घ्याय लागला, आन् हिला दिली कड्यावरनं ढकलून."

करिष्मा तोंडाला पदर लावून हसली. सावित्राबाई मात्र हसल्या नाहीत.

"उन्हाळ्यात आई माहेरी गेली की त्या कड्याजवळ करवंदं विकाय बसायची. एकदा कालेजची पोरं फुलं घिऊन आली. आईनं इचारलं, कुनासाठी रं? म्हनली, येसूसाठी आज्जी, हितं मेली बिचारी. आईनं त्येंला करवंदाचं दोन द्रोन दिलं आन् गप ऱ्हायली. घरी यिऊन मला म्हनली, सावित्रे, लय चांगली पोरं हुती, त्येंचं मन कशाला मोडायचं."

मग सावित्राबाईंनी सूप बाजूला सारलं. "वाच तू काय लिवलंस त्ये."

अमृता वाचू लागली. पहिलं प्रकरण, मग कड्यावरचं प्रकरण, मग पहिलं आयुष्य, त्यात येसू लेखकाच्या हातातलं पेन काढून दरीत फेकते. सावित्राबाई डोळे मिटून ऐकत होत्या. झोपल्या की काय असंही मला एकदा वाटलं. दत्ता उंबऱ्यावर बसला होता. त्यानं एकदाही मोबाइल बघितला नाही.

दीड तासानं अमृता थांबली.

"ही माझी आई न्हाई," सावित्राबाई म्हणाल्या.

अमृताच्या हातातले कागद खाली आले.

"माझी आई सायबाला आसं बोलली नसती. ती पोस्टमनलाबी भ्यायची. कुत्रं आडवं आलं तर मला पुढं करायची. पेन फेकती कसली?"

"चुकलं माझं, मावशी," अमृता हळूच म्हणाली. "मी हे छापणार नाही."

"आगं, थांब की. माझं बोलून झालं न्हाई." सावित्राबाईंनी डोळे उघडले. "ह्यी तू हायेस. येसू येसू म्हनत तू तुलाच लिवलंस. त्या धुराखाली चूल पेटवनारी तुजी आज्जी आसंल. आसंल का न्हाई?"

अमृतानं मान डोलावली.

"त्या सायबानं माझ्या आईचं नाव घेतलं आन् तिला मारली. तू नाव घेतलंस आन् तिला चालती ठिवलीस. माझी आई माझ्याजवळ हाय, ती कुनाला नेता येत न्हाई. तुजी येसू तुजी. नाव ऱ्हाऊ दे. त्या नावाची एक तरी बाई कड्यावरनं पायांनी खाली आली पायजे."

"खरंच छापू?"

"छाप. फक्त एका जागी लिव, ती कुत्र्याला भ्यायची."

अमृता हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. करिष्मानं तिच्या पाठीवर हात ठेवला. दोन महिने छातीवर धरलेला दगड तिनं त्या ओट्यावर खाली ठेवला, हे मी इतक्या जवळून बघितलं. मलाही मोकळं वाटलं. माझा भार तिच्याहून जुना होता.

निघताना सावित्राबाई म्हणाल्या, "त्ये जुनं पुस्तक हितंच ठेव."

अमृता घुटमळली. मी वडिलांच्या हातची खूण होते. पण तिनं मला दिलं. मला वाटलं, आता चुलीत. आणि मी तक्रार करणार नव्हते. पण सावित्राबाईंनी मला पदरानं पुसलं आणि फळीवर पिठाच्या डब्याशेजारी ठेवलं.

अमृताची कादंबरी दिवाळीच्या आधी छापून आली. तिसऱ्या आयुष्यात येसू कुत्र्याला भिते. कुणी समीक्षकानं लिहिलं, की अभिजात कृतीचा अपमान झाला. ज्योत्स्नानं त्याला लांबलचक उत्तर लिहिलं. सखाराम विहाराच्या वाचनालयासाठी पाच प्रती घेऊन गेले. त्या सतत कुणी ना कुणी वाचायला नेलेल्या असतात, जागेवर क्वचितच सापडतात.

दत्ता अजून कड्यावर जीप नेतो. आता तो आधी माझी गोष्ट सांगतो आणि मग म्हणतो, "ह्ये झालं पुस्तकातलं. आता माझ्या पणजीचं ऐका." लोक उतरतात, आणि दुसरी गोष्ट संपेपर्यंत थांबतातही. दत्तालाच याचं सर्वांत जास्त आश्चर्य वाटलं.

आणि मी? दुपारी काम उरकलं की करिष्मा मला फळीवरून काढते आणि आजेसासूला वाचून दाखवते. शेवटचं प्रकरण आलं तेव्हा ती थांबली. "आजी, ह्ये सोडून देऊ?"

"न्हाई. वाच."

करिष्मानं वाचलं. सावित्राबाईंनी हनुवटीखाली हात घेऊन आईची उडी ऐकली, शेवटच्या वाक्यापर्यंत.

"सायबानं कडा मातुर नीट लिवलाय," त्या म्हणाल्या. "तितं वारं आसंच लागतं तोंडाला."

इतक्या वर्षांत माझी इतकी खरी परीक्षा कुणी केली नव्हती. मी काही त्या बाईच्या मरणाची साक्षीदार नव्हते. एका माणसानं बघितलेला डोंगर आणि न विचारलेला एक प्रश्न, एवढीच मी होते, आणि तेवढं असायला हरकत नव्हती. वाचकहो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिला खुशाल वाचा, तिच्या समासात भांडा, तिच्यावरून दुसरं लिहा. आम्ही त्यानं झिजत नाही.

"बास आता ह्ये," सावित्राबाई म्हणाल्या. "त्या अमृताचं काढ."

करिष्मानं मला मिटलं आणि ती दुसऱ्या पुस्तकाकडे वळली. मला फार बरं वाटलं.