नमुन्याची नाणी

माझं तोंड वाईट आहे, हे आमच्या कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे आडपडदा न ठेवताच सांगते. ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणाच्या टाचणीला हात लावला नाही, त्याला साहेबांनी सगळ्यांदेखत चोर म्हटलं. तो माणूस माझा नवरा.

आधी आमचं काम काय ते सांगते, म्हणजे पुढचं डोक्यात शिरेल. फेरीबोटीच्या धक्क्यावर लोखंडी फिरती फाटकं आहेत. नाणं टाकलं की फाटक एकदा फिरतं आणि माणूस आत जातो. नाणं खरं की खोटं, हे फाटकाच्या पोटातला एक डबा ठरवतो. त्याला ना वीज लागते ना शाळा. नाणं आत पडलं की आधी एका फटीतून जातं. जास्त जाड असलं तर तिथंच अडकून बसतं. पुढे एक इवलासा पाळणा असतो, एका बाजूला वजन लावलेला. नाणं पुरेसं जड असलं तर पाळणा कलतो आणि त्याला वाट देतो. हलकं असलं तर पाळणा ढिम्म हलत नाही, नाणं आल्या वाटेने टाकणाऱ्याच्या हातात परत. मग लोहचुंबक, लोखंडाची लबाडी धरायला. शेवटी एक पोलादी ठोकळा. त्यावर आपटून खरं नाणं टुणकन उडी मारतं आणि पलीकडच्या कप्प्यात जातं. शिशाचं असलं तर तिथंच बसकण मारतं.

हे डबे मळले, अडकले की आमच्याकडे येतात. मी ते सुटे करून रॉकेलमध्ये धुते आणि हे ते जुळवतात. जुळवायचे कशावरून, तर नमुन्याच्या नाण्यांवरून. मखमलीचे खण केलेली एक लाकडी पेटी आहे, तिच्यात निवडून ठेवलेली खरी नाणी. पेटीतलं नाणं फटीतून अलगद गेलं पाहिजे आणि त्याच्या वजनाने पाळणा जेमतेम कलला पाहिजे, तोवर स्क्रू पिळत बसायचं. त्याहून जाड ते अडलं पाहिजे, त्याहून हलकं ते परत गेलं पाहिजे. बस, एवढंच शास्त्र.

पेटी कारखान्याची, पण ती माझ्या सासऱ्यांची असल्यासारखीच सगळे वागायचे. यांच्याआधी जुळारीच्या बाकावर बाबाच बसायचे. अख्खा कारखाना त्यांना मास्तर म्हणायचा, अजूनही म्हणतो. आता त्यांचे डोळे अधू झालेत, बोटांची टोकं बधिर झालीत, चहाचा कप धरलाय की नाही हे त्यांना बघून ठरवावं लागतं. पण सुट्टीच्या आदल्या दिवशी हे पेटी घरी आणायचे, आणि सुट्टीच्या दिवशी बाबा अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून खिडकीशी बसायचे आणि एकेक नाणं पांढऱ्या पावडरीने घासायचे. मळ बसला तर वजन चुकेल, म्हणून. बाकावर होते तेव्हापासूनचा त्यांचा हा शिरस्ता. मी लग्न होऊन आले तेव्हाही ते घासतच होते. घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही, पंखा लावायचा नाही. मला हसू यायचं, पण म्हाताऱ्या माणसाला काहीतरी हवं ना करायला.

तर झालं असं, की धक्क्यावरच्या फाटकांतून चकत्या निघायला लागल्या. कुठल्याशा पांढऱ्या धातूच्या गोल चकत्या, नाण्यापेक्षा जराशा पातळ आणि हलक्या. ओंजळी भरभरून. आणि त्याच वेळी उलटी तक्रार अशी, की टाकसाळीतून आलेली कोरी करकरीत नाणी फाटकं घेत नाहीत, फटीतच अडकतात. चांगले लोक खरी नाणी घेऊन बाहेर ताटकळतायत आणि भामटे टिचकीसरशी आत. फाटकवाल्या कंपनीचा माणूस आमच्या साहेबांवर येऊन भडकला, आणि साहेब यांच्यावर.

साहेब वाईट नाहीत. तेच तर दुखतं. त्यांनी सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि शांतपणे म्हणाले, "एकाच डब्याचं बिघडलं असतं तर मी चूक म्हटलं असतं. सगळ्याच डब्यांचे पाळणे सारखेच ढिले कसे? चकत्या बनवणाऱ्याने कुणाला तरी हाताशी धरलंय. आणि पाळण्याला हात एकच माणूस लावतो." मग यांच्याकडे बघून म्हणाले, "चोराला मी घरी जेवायला बोलवत होतो." महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. तोवर यांनी समाधानकारक कारण सांगायचं, नाहीतर पोलीस.

हे बाकावर जाऊन पुढचा डबा उघडून बसले. यांची ती सवयच. मी असते तर तिथंच रॉकेलचं घमेलं उपडं केलं असतं.

घरी आल्यावर हे रोज डब्यांची मापं आठवत बसायचे. "मी बरोबरच जुळवलेत गं," एवढंच. भूक मेली, झोप उडाली. मला तर धडकीच भरली होती. पोलीस म्हणजे नोकरी गेली, कारखान्याची ही खोली गेली, आणि चोराला दुसरीकडे काम कोण देतो?

मग सुट्टीचा दिवस आला. बाबा खिडकीशी बसले होते. मी दुकानातून आले होते, सुट्ट्या पैशांत एक कोरं नाणं मिळालं होतं. त्या नाण्यावर एक जहाज असतं, शिडांचं. काय मनात आलं कोण जाणे, मी ते बाबांनी वाळत ठेवलेल्या नाण्यांशेजारी ठेवलं. माझ्या नाण्यावर शिडांचे दोर मोजता येत होते. बाबांच्या नाण्यांवर दोर नव्हतेच. शिडंही नुसती सावलीसारखी. मी दोन्ही बोटांत धरून बघितली, बाबांचं पातळ लागलं.

इतकी वर्षं प्रेमाने घासून घासून त्यांनी ती पातळ केली होती. हलकी केली होती. आणि त्याच नाण्यांवरून डबा अन् डबा जुळवला जात होता. फट बारीक, पाळणा ढिला. हळूहळू, कुणालाच न कळता.

"काय गं, चमकतायत ना?" बाबा म्हणाले.

"हो बाबा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

यांना स्वयंपाकघरात ओढून नेलं आणि सांगितलं. यांनी कोरं नाणं घेतलं, घासलेलं घेतलं, तळव्यावर दोन्ही उडवून बघितली. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, आता हा माणूस आनंदाने रडेल. सुटलो म्हणेल. तर हे म्हणाले, "बाबांना कळता कामा नये."

"अहो, आणि साहेबांना?"

"त्यांनाही नाही. मी कोऱ्या नाण्यांवरून सगळे डबे परत जुळवतो. चकत्या थांबल्या की साहेब विसरतील."

"आणि नाही विसरले तर? कारण काय सांगणार, भूत आलं होतं?"

"सांगेन काहीतरी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, तुरुंगात बसून सांगा काहीतरी. तर हे अगदी हळू म्हणाले, "त्यांच्याकडे दुसरं काय उरलंय गं? एवढी एकच गोष्ट आहे, की आपलं काम कधी चुकलं नाही." बाहेरून पावडरीचा घस् घस् आवाज येत होता.

डबे काही थोडेथोडके नव्हते. हे एकेक करून जुळवत होते, पण धक्क्यावर अजून जुनेच ढिले डबे होते आणि चकत्या येतच होत्या. साहेबांनी मुदतीचीही वाट बघितली नाही. कंपनीचा माणूस पुन्हा येऊन गेला आणि दुपारी कारखान्यातला शिपाई मला सांगून गेला, की उद्या सकाळी पोलीस येणार.

मी रॉकेलचे हात तसेच पुसले आणि घरी गेले. यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर यांनी हातच धरला असता. बाबांसमोर बसले आणि सगळं सांगितलं, कोरं नाणं त्यांच्या हातात देऊन सांगितलं. सांगताना रडले मी. ते रडले नाहीत. नाणं अंगठ्याने चाचपत राहिले, पण त्या अंगठ्याला काय कळणार होतं? शेवटी म्हणाले, "शर्ट दे माझा. इस्त्रीचा." आणि चपला घालताना म्हणाले, "पोराला आधी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, त्यांना माहीत आहे. बाबा थांबले. मग मान हलवत म्हणाले, "गाढव आहे."

साहेब त्यांना बघून उठून उभे राहिले, खुर्ची दिली. बाबा बसले नाहीत. सरळ म्हणाले, "पोराचा काही दोष नाही. नमुन्याची नाणी मी घासून झिजवली. पेटी मागवा आणि तोलून बघा. पोलिसात द्यायचं तर मला द्या."

वाटलं, सुटलो. खरंच वाटलं.

साहेबांनी शिपायाला पाठवलं. पेटी घेऊन हेच आले. आम्हाला तिथं बघितलं आणि दारातच थबकले. साहेबांनी कपाटातून छोटा तराजू काढला. एका पारड्यात खिशातलं कोरं नाणं टाकलं, दुसऱ्यात पेटीतलं.

काटा मधोमध उभा राहिला.

साहेबांनी दुसरं घेतलं, मग तिसरं. शेवटचं नाणं होईपर्यंत तेच. मी पुढे झाले, पेटीत डोकावले. प्रत्येक जहाजावर दोर होते.

मला सगळं कळलं. यांनी नाणी बदलली होती. बाबांनी पुढच्या सुट्टीला पेटी उघडली आणि कुणी शेजारी कोरं नाणं धरलं, तरी त्यांना कधी कळू नये म्हणून. जुनी कुठं गेली तेही यांनी मला नंतर सांगितलं. धक्क्यावर जाऊन एकेक करून फाटकात टाकली. फाटकांनी मुकाट्याने घेतली, आणि दुसऱ्या दिवशी ती बँकेच्या पोत्यात गेली. आता कोण शोधणार ती?

"यांनी बदललीत!" मी ओरडले. "साहेब, ही ती नाणी नाहीत. वडिलांना कळू नये म्हणून यांनी बदललीत."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, कीव आल्यासारखं. "आधी बाप, मग बायको," ते म्हणाले. "समजतं मला. पण समजा खरंच बदलली असतील, तर तो पुरावा नाहीसा करणंच झालं." मग यांना विचारलं, "काय रे, बदललीस?"

हे बाबांकडे बघत होते. बाबांनी पेटीतलं एक नाणं उचललं होतं, डोळ्यांजवळ नेलं होतं. इतका वेळ वाकलेली त्यांची पाठ ताठ झाली होती. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी कधी पाहिला नव्हता. "बघितलंस सूनबाई?" ते म्हणाले. "उगाच घाबरवलंस मला. माझी नाणी ठीक आहेत."

"नाही साहेब," हे म्हणाले. "बदलली नाहीत."

मी यांचा दंड धरून गदागदा हलवला. "सांगा ना हो, सांगा." हे माझ्याकडे बघेनात. साहेब तराजू पुसून ठेवत होते.

मग बाबांच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू ओसरला. नाणी ठीक असतील तर मागे काय उरतं, ते त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी हातातलं नाणं जपून खणात ठेवलं, झाकण लावलं आणि लेकाकडे वळले.

"मग तू असं का केलंस रे?"

मी मध्ये काहीतरी बोलले, बाबांनी हात वर करून मला गप्प केलं.

"चूक झाली, बाबा," हे म्हणाले.

बाबा जायला निघाले. उंबऱ्यापाशी पायरी आहे, त्यांना दिसत नाही, म्हणून यांनी नेहमीसारखा हात पुढे केला. बाबांनी तो घेतला नाही. भिंतीला धरत धरत, पायाने पायरी चाचपत ते एकटेच खाली उतरले.